अकरा भोकांचा पत्रा

आमच्या घरात कपाटामागे एक काळा पत्रा उभा करून ठेवला आहे. दीड हात लांब, वरची कड कमानीसारखी वळलेली, आणि त्यात अकरा गोल भोकं. केर काढताना आमच्या कामवाल्या सुनंदाबाई दर आठवड्याला विचारतात, "ताई, ह्ये टाकू का?" आणि मी दर आठवड्याला नको म्हणते. का नको, ते त्या विचारत नाहीत, हे बरं आहे. सांगायचं तर राऊळ काकांपासून सुरुवात करावी लागेल, आणि सुनंदाबाईंना पुढची चार घरं असतात.

राऊळ काका लालबागला आमच्याच चाळीत राहायचे. चौकाच्या अलीकडच्या अंगाला दुसऱ्या मजल्यावर आमची खोली, पलीकडच्या अंगाला दुसऱ्याच मजल्यावर त्यांची. त्यांच्या दारात काय चाललंय ते मला माझ्या खिडकीतून दिसे, आणि माझ्या स्वयंपाकघरात काय करपलं ते त्यांना वासावरून कळे. मूळचे सावंतवाडीकडचे. वडील गिरणीत होते. काका मात्र सांताक्रूझच्या एका वर्कशॉपमध्ये लागले. तिथं विमानांचे मीटर दुरुस्त व्हायचे. उंची सांगणारा, वेग सांगणारा, विमान सरळ आहे की कललंय ते दाखवणारा. मीटर पेटीतून यायचे आणि बरे होऊन पेटीतूनच परत जायचे. पस्तीस-छत्तीस वर्षं काकांनी ही नोकरी केली आणि विमान पाहिलं ते तुमच्या-आमच्यासारखंच, गच्चीवरून, मान वर करून.

त्यांची पहिली खोड म्हणजे टिचकी. कुठलाही काटा वाचायच्या आधी काचेवर बोटानं हलकी टिचकी मारायची. काटा कधीकधी आळसानं मध्येच बसून राहतो, टिचकी मारली की खऱ्या जागेवर येतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून जिन्याखालचे विजेचे मीटर, भिंतीवरचं घड्याळ, वाण्याकडचा तराजू, कशाचीच त्यांच्या टिचकीतून सुटका नव्हती. दुसरी खोड म्हणजे काट्याच्या अगदी समोर उभं राहून, एक डोळा मिटून वाचायचं. तिरकं पाहिलं की आकडा चुकतो. लालबागच्या मासळीबाजारात ते कोळणीच्या काट्यापुढे असे एक डोळा मिटून उभे राहत तेव्हा मागच्या बायका तोंडाला पदर लावत. कोळीण एकदा वैतागून म्हणाली, "काका, डोला मारतंय का वजन बगतंय?" काका लाजून लाल झाले, पण आकडा वाचल्याशिवाय हलले नाहीत.

माणसांनाही ते तसंच वाचत. "कशी आहेस गो?" असं विचारत. आपण सवयीनं "मजेत" म्हटलं की क्षणभर थांबत आणि पुन्हा विचारत, "आता सांग." या दुसऱ्या विचारण्याला मी दोन-तीनदा भर गॅलरीत रडले आहे. घरातल्या कुणी मला असं दुसऱ्यांदा विचारल्याचं आठवत नाही, आणि मीही कुणाला विचारलेलं नाही.

एकदा चाळीत आरोग्य शिबिर होतं. मी परळच्या एका हॉस्पिटलात रेकॉर्ड विभागात काम करते, त्यामुळे रांग लावायचं काम आपसूक माझ्या गळ्यात. डॉक्टर तरुण होता, भराभर ब्लडप्रेशर बघत होता आणि ज्याला त्याला "थोडं जास्त आहे" असं सांगत होता. निम्मी चाळ तोंड पाडून मीठ सोडायच्या गोष्टी करत होती. काकांची पाळी आली. त्यांनी हात पुढे केलाच नाही. यंत्राच्या तबकडीवर टिचकी मारली, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "डॉक्टर, हवा नसताना तुमचा काटा शून्यावर बसत नाय. दहावर बसतोय. म्हणजे सगळ्यांना दहा फुकट."

डॉक्टर हसला. "काका, चालतं तेवढं."

"आमच्याकडे नाय चालायचं," काका म्हणाले. "विमानाच्या काट्यात दहा आकडे चुकले म्हणजे समोर डोंगर."

शिबिर थांबलं. दुसरं यंत्र मागवलं गेलं. आमच्या मजल्यावरच्या पेडणेकर मावशींचं प्रेशर एकदम नॉर्मल निघालं आणि त्या काकांवर उखडल्या, कारण सकाळीच त्यांनी सुनेला सांगून टाकलं होतं की आजपासून मला स्वयंपाक झेपणार नाही.

हसण्यावारी नेण्याजोगी माणसं असतात, तसे ते चाळीला होते. पण त्यांच्या पत्नी वसंतीकाकू आजारी पडून आमच्याच हॉस्पिटलात आल्या तेव्हा मी रोज डब्याच्या वेळेला वर जाऊन यायची, आणि काकांना ऑक्सिजनच्या मीटरसमोर उभं पाहायची. बसायचे नाहीत. टिचकी मारायची, वाचायचं, थोड्या वेळानं परत टिचकी. काकू गेल्या त्या संध्याकाळी खाली चहाच्या टपरीपाशी ते मला म्हणाले, "सगळे काटे बरोबर होते गो. मी बघितले. एक पण चुकीचा नव्हता." मी त्यांचा चहा हातात घेऊन नुसती उभी राहिले, आणि तो निवला.

मुलगी शिल्पा बंगळूरला. रोज फोन करायची, चांगली मुलगी. पण काकूंनंतर त्या खोलीत माणसाचा आवाज म्हणून फोनचाच. काका सकाळी चालत कॉटन ग्रीनपर्यंत जात, गोदामांच्या गल्ल्यांतून फिरत आणि परत येऊन दार लोटून बसत. चाळीत दार लोटून बसणं म्हणजे आजारी असणं. चार दिवस सगळे विचारतात, मग सवय होते. आम्हालाही झाली.

आणि एके दिवशी ते हा पत्रा खांद्यावर घेऊन आले.

कुठलंसं जुनं गोदाम रिकामं होत होतं. हातगाडीवर भंगार चाललं होतं, त्यात हा वर होता. भंगारवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "चाचा, प्लेन का है." यापुढे त्यालाही काही ठाऊक नव्हतं. आमचे हे त्या दिवशी गॅलरीत उभे होते. म्हणाले, "काका, आप्पेपात्र केवढं मोठं आणलंत!" काका हसले नाहीत. मला हाक मारून म्हणाले, "सुजाता, इकडे ये गो. हा विमानाचा पॅनेल. मी आयुष्यभर जे मीटर दुरुस्त केले ना, ते ह्याच्यात बसतात. पण हा कुठल्या विमानाचा, ते माका ठाऊक नाय. मीटर दे, डोळे मिटून सांगतो. ह्याच्यात मीटरच नायत."

आता त्यांच्या वर्कशॉपमधली एक रीत सांगायला हवी. एखादी वस्तू आली आणि ती कशाची ते कळेना, तर ती वेगळ्या कपाटात ठेवायची. वापरायची नाही, फेकायची नाही. आठवड्यातून एकदा दोघांनी मिळून ती बघायची, वहीत नोंद करायची आणि दोघांनी सही करायची. एकट्याची सही चालत नाही. काकांनी दोनशे पानी वही आणली, रकाने आखले आणि रविवारी दुपारी चार वाजता मला बोलावलं. मी गेले. वहीत त्यांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, "पाहिला. ओळख पटली नाही." खाली त्यांची सही, शेजारी माझी.

पुढच्या रविवारी वाघमारे सरही आले. सर म्हणजे म्युनिसिपल शाळेतले निवृत्त चित्रकला शिक्षक. वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेले आणि आता तिथल्याच नव्या टॉवरच्या अठराव्या मजल्यावर गेलेले. काकांचे शाळासोबती. त्यांनी कंपास, कॅलिपर, ग्राफ पेपर आणले आणि प्रत्येक भोकाचं माप घेऊन नकाशा काढला. मी फोटो काढून जुन्या विमानांची आवड असलेल्या लोकांच्या एका इंटरनेटवरच्या गटात टाकले. तिथं हा वेडेपणा करणारी माणसं जगभर आहेत, हे तेव्हा कळलं. कुणी काही म्हणे, कुणी काही. मी उत्तरं मोठ्यानं वाचून मराठीत सांगायची, आणि दोघं भांडायचे.

"डकोटा," सर म्हणायचे. "राऊळ, लिहून ठेव. लहानपणी आपण गच्चीवरून बघायचो ती."

"अहो सर, डकोटा अमेरिकन. ह्याचे आटे इंग्लिश आहेत. इंग्लिश स्क्रू अमेरिकन विमानात कोण घालील?"

"बदलले असतील इकडे."

"स्क्रू बदलतील. भोकाचा आटा कसा बदलतील?"

मग सर पुन्हा माप घेत. काका चहा टाकत. चहाबरोबर लालबागचा चिवडा. ही दोन माणसं सत्तरीला आलेली, आणि एकेका भोकावरून शाळेतल्यासारखी हमरीतुमरीवर यायची. दर रविवारी शेवटी वही निघायची, "ओळख पटली नाही" लिहिलं जायचं, आणि सही करताना काकांचा चेहरा चांगला उजळलेला असायचा. शनिवारी संध्याकाळी ते स्वतः खोली पुसून काढत, ते मला खिडकीतून दिसायचं. दार लोटून बसणं बंद झालं होतं. त्या पत्र्याची ओळख पटत नव्हती म्हणून काकांकडे माणसं येत होती, इतका हा साधा हिशेब होता. मला तो कळत होता, आणि तरी मी रोज रात्री जेवणं उरकली की मोबाईलवर उत्तर शोधत बसायची. माणसाला कोडं सोडवल्याशिवाय चैन पडत नाही.

वर्ष उलटून गेलं आणि उत्तर आलं. इंग्लंडातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थानं एक जुना फोटो पाठवला. तीच कमान, तीच अकरा भोकं, त्याच जागी. पण फोटोत विमान नव्हतं. लाकडी खोकं होतं, जमिनीवर पक्कं बसवलेलं. नव्या वैमानिकांना त्यात बसवून, वर झाकण लावून, नुसत्या मीटरकडे बघून उडायला शिकवायचे. त्या गृहस्थानं लिहिलं होतं, खऱ्या विमानात पॅनेलला रबराच्या गाद्या असतात, हादरे बसू नयेत म्हणून. तुमच्या पत्र्याला त्या बसवायची सोयच नाही. तो थेट लाकडावर ठोकलेला आहे. तो कधीच उडालेला नाही.

मी ऑफिसातूनच वाघमारे सरांना फोन लावला. मला वाटलं, सर उड्या मारतील. ते म्हणाले,

"सुजाताताई, हे राऊळला सांगू नका."

"का?"

"सांगितलंत की रविवार संपला. माझा संपला तर चालेल, माझ्या घरात नातवंडं धुडगूस घालतात. त्याचं काय?"

मला पटलं. पुढचे तीन रविवार आम्ही दोघं गेलो, चहा प्यायलो, चिवडा खाल्ला आणि "ओळख पटली नाही" याच्याखाली सह्या केल्या. म्हणजे सरांनी एकदा केली, मी दोनदा. दयेपोटी खोटं बोलताना माणूस स्वतःला फार चांगला समजतो. मी तर त्या दिवसांत काकांसाठी घावणेसुद्धा करून नेले.

तिसऱ्या रविवारी सह्या झाल्यावर काकांनी वही मिटली. "सर, तुमचा कॅलिपर खंय?"

"विसरलो घरी."

"तीन रविवार विसरलात. आणि डकोटाचं नाव काढलं नाय. ज्याला उत्तर ठाऊक असतं तो मापं घेत नाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सुजाता, काय कळलंय?"

"काही नाही, काका."

ते थांबले. "आता सांग."

मी फोन काढून फोटो दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, फोटो मोठा करून पाहिला, मग उठून पत्रा उलटा केला आणि मागच्या कडेवरून अंगठा फिरवत गेले. चार कोपरे, स्क्रूची चार बारीक भोकं. "रबर नाय," ते म्हणाले. "पहिल्याच महिन्यात माझ्या मनात आलं होतं. खात्री नव्हती." मग पत्रा सुलटा करत म्हणाले, "खात्री करून घ्यायची घाई पण नव्हती."

"मग राहू दे ना तसंच," सर म्हणाले. "कोण विचारतंय?"

"नाय सर. खोटी सही मी नोकरीत कधी केली नाय, ह्या वहीत तर नायच नाय." त्यांनी तीन रविवारच्या नोंदींवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, "ओळख पटली. जमिनीवरच्या सरावाच्या यंत्राचा पॅनेल." आम्हा दोघांना सही करायला लावली. मी म्हटलं, "काका, आम्ही तरी येणारच हं दर रविवारी. पत्र्यासाठी थोडेच येत होतो?"

"या की," ते म्हणाले. "चहा काय, असतोच."

आम्ही गेलोही. पहिल्या रविवारी गेलो, दुसऱ्या रविवारी गेलो. चहा झाला, हवापाण्याचं झालं, नव्या टॉवरच्या लिफ्टचं झालं. मग तिघंही गप्प. आधी गप्प बसलं तरी ते काम असायचं, कुणीतरी भोकाकडे बघत असायचं. आता गप्प बसणं अंगावर यायला लागलं. तिसऱ्या रविवारी सरांचा गुडघा दुखत होता. चौथ्या रविवारी मी फ्रिज साफ केला. खरंच केला, खोटं नाही, पण तो मंगळवारीही करता आला असता. असं कुणी ठरवून करत नाही. समोरचं दार पुन्हा लोटलेलं दिसायला लागलं, आणि आम्हाला पुन्हा त्याची सवय झाली.

चार-पाच महिन्यांनी काका मला हिंदमाताला, साड्यांच्या दुकानांपाशी भेटले. माझ्या हातात भाच्याच्या लग्नाच्या साड्या. त्यांनी फुटपाथवरच मला थांबवलं, कडेला घेतलं, खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि उघडली. आत एक मीटर होता. पितळी, काच तडकलेली. टायरमध्ये हवा भरणाऱ्याकडे असतो तो. तबकडीवर तसं छापलेलंच होतं, चांगलं ठळक अक्षरात.

"कॉटन ग्रीनला मिळाला," ते म्हणाले. "कशाचा असेल गो? ओळखच पटत नाय."

ते माझ्याकडे बघत नव्हते. रस्त्यापलीकडच्या दुकानातल्या बाहुलीच्या अंगावरच्या पैठणीकडे बघत होते. ज्या माणसानं दहा आकड्यांसाठी अख्खं शिबिर थांबवलं, तो हे बोलत होता.

"मलाही नाही कळत, काका," मी म्हटलं.

"मगे रविवारी बघूया? चार वाजता? सरांना पण सांग."

"नक्की," मी म्हटलं. आणि मनापासून म्हटलं.

सरांचं तेव्हाच गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. रविवारी बारा वाजता माझ्याकडे लग्नाचं आमंत्रण घेऊन पाहुणे येऊन थडकले, चांगले आठ जण. मी काकांना फोन केला. म्हटलं, आज नाही जमत, पुढच्या रविवारी नक्की. "काय घाई नाय," ते म्हणाले. "ओळख पटेपर्यंत वस्तू खंय जात नाय." पुढचा रविवार आलाच नाही. मधल्या गुरुवारी काकांना बाथरूममध्ये चक्कर आली, शिल्पा विमानानं आली आणि तशीच त्यांना घेऊन बंगळूरला गेली. मी कामावर होते. वर्षभरानं तिचा फोन आला तो काका गेल्याचा. खोली रिकामी करायला आली तेव्हा हा पत्रा ती माझ्याकडे ठेवून गेली. "तुम्ही नेहमी यायचात ना," म्हणाली.

मला ते आठवतात ते त्या रविवारचे. पाहुणे जेवून सुस्तावले होते. मी कांदेपोह्यांच्या बशा भरत खिडकीपाशी उभी होते. चार वाजून गेले होते. समोरचं दार सताड उघडं. खोली पुसून लख्ख केलेली, टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं, त्यावर तो मीटर. मी येत नाही म्हणून कळवलं होतं, तरी टेबलाभोवती तीन खुर्च्या. एका खुर्चीवर इस्त्रीचा शर्ट घालून काका बसले होते, हातात उघडं पेन, आणि दाराकडे बघत होते. मग त्यांची नजर वर आली, चौक ओलांडून थेट माझ्या खिडकीकडे.

मी पडदा ओढून घेतला. ऊन येतंय, असं मी पाहुण्यांना सांगितलं.